नांदत्या वास्तू: नीम शहरातील रोमन अवशेष

पडक्या वाड्यात बिऱ्हाडे शिरली की त्याची उरलीसुरली शोभाही जाते, असे आपण म्हणतो. दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराचा अनुभव मात्र उलटा आहे. (या नावाचा कडुनिंबाशी संबंध नाही बरे, ते नेमाउसस या तिथल्या झऱ्याच्या देवतेवरून आले.) रोमन काळी हा मुलूख गॅलिया नार्बोनेन्सिस या प्रांतात मोडे.

शहराच्या मध्यभागी एक रोमन देऊळ आहे. लोक त्याला 'मेझों कारे', म्हणजे 'चौकोनी घर' म्हणतात. दोन हजार वर्षांचे हे देऊळ, 30 खांबांसह जवळजवळ अभंग! ते कोणी भक्तिभावाने जपले म्हणाल, तर तसे नाही. देव गेला, पण घर रिकामे पडले नाही. तिथे नगरसभा भरली, एका मालकाने तबेला केला, मग ख्रिस्ती संन्याशांनी चर्च थाटले, राज्यक्रांतीनंतर सरकारी दप्तर आले आणि 1823 मध्ये संग्रहालय. घोडे बांधणाऱ्यालाही गळके छप्पर चालत नाही!

देऊळ मुळात कोणाचे, हे मात्र लोक विसरून गेले होते. दर्शनी भागावरची ब्राँझची अक्षरे केव्हाच कोणी उपटून नेली होती. पण नेणाऱ्याला खिळ्यांची भोके काही नेता आली नाहीत. 1758 मध्ये झां-फ्रांस्वा सेगिए या नीमच्याच विद्वानाने कोणत्या अक्षराला कुठे खिळे लागतील हे ताडून त्या भोकांवरून अख्खा लेख लावला. ऑगस्टस बादशहाने आपले दोन नातू, गायस आणि लुसियस, दत्तक घेतले होते. त्या दोघांना हे देऊळ अर्पण केलेले निघाले. दोघेही ऐन तारुण्यात वारले.

शहराला पाणी आणणारा रोमन पाट सुमारे 50 किलोमीटरांचा होता. पाणी वाहायचे थांबल्यावर त्याचे दगड ठिकठिकाणी लोकांनी घरांसाठी नेले. गार्दों नदीवरचा 49 मीटर उंचीचा तीनमजली पूल तेवढा शाबूत राहिला. कारण उघड आहे: त्यावरून रहदारी चाले आणि जकात मिळे. जकातीचे उत्पन्न कोण पाडील?

आता क्रीडागार पाहा. 133 मीटर लांब, दोन मजली कमानींचे. रोमन सत्ता ढासळल्यावर व्हिसिगॉथांनी त्याचा किल्ला केला आणि पुढे आत चक्क गावच वसले. कमानीत भिंत घातली की खोली तयार! अठराव्या शतकात तिथे सुमारे 700 माणसे राहत. 1786 पासून त्यांना उठवायला सुरुवात झाली आणि 1812 पर्यंत घरे पाडून वास्तू मोकळी केली गेली. आज तिथे बैलांच्या झुंजी होतात, गाण्याचे जलसे होतात.

वास्तू देखणी झाली, यात शंका नाही. तरी मला रुखरुख लागते. तिथे रोमन खेळ चालले ते फार तर तीन-चार शतके. संसार चालले हजारावर वर्षे. ज्यांनी राहून ते दगड राखले, त्यांचीच घरे कचरा म्हणून काढली गेली. बाहेरून फिरताना वरच्या मजल्यावर, भिंत घालून बुजवलेल्या कमानींत दोन लहान मध्ययुगीन खिडक्या दिसतात. पाडणाऱ्यांच्या हातून त्या तेवढ्या राहून गेल्या. कधी नीमला गेलात, तर आधी त्या शोधा.