जुना फोर्ड की नवा कुबोटा?

गावाबाहेर पाच-दहा एकर जमीन घेतली, की पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट कळून चुकते. गवत आपल्या सवडीने वाढत नाही. घरापुढच्या हिरवळीसाठी घेतलेलं यंत्र इथे दम टाकतं. शेजारी येऊन सांगतो, "ट्रॅक्टर घ्या." आणि मग घरात वाद सुरू होतो. रस्त्याकडेच्या एका कोठारात राखाडी-लाल रंगाचा, सत्तरी ओलांडलेला फोर्ड 8एन दोन-तीन हजार डॉलरांत विकायला उभा असतो. शहरातल्या दुकानात नवा कोरा छोटा ट्रॅक्टर, पुढे लोडर लावलेला, वीस-पंचवीस हजारांच्या घरात. वर बिनव्याजी हप्ते. कुठला घ्यावा?

मी शेतीच्या यंत्रांच्या इतिहासावर संशोधन करते. त्यामुळे हा प्रश्न मला विचारला, की माझं उत्तर 1916 सालापासून सुरू होतं आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. पण थोडा धीर धरा. तुम्ही आज ज्या पेचात आहात, त्यात अमेरिकेतला शेतकरी शंभर वर्षांपूर्वीच सापडला होता, आणि त्याने शोधलेली उत्तरं अजून कामाची आहेत.

नेब्रास्कातल्या पोक काउंटीत विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. 1916 साली त्याने 'फोर्ड' ट्रॅक्टर घेतला. तुम्हाला वाटेल हेन्री फोर्डचा. त्यालाही तसंच वाटावं, अशी विकणाऱ्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात तो मिनियापोलिसच्या एका कंपनीचा होता, आणि फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरून तिने हे नाव मिळवलं होतं. ट्रॅक्टर कुचकामी निघाला. नंतर घेतलेल्या दुसऱ्या एका यंत्रानेही त्याला रडवलं. तिसरा, रूमली कंपनीचा 'ऑइलपुल', मात्र सांगितल्यापेक्षा जास्त काम करू लागला. पुढे क्रोझियर राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला आणि 1919 साली त्याच्या पुढाकाराने नेब्रास्काचा ट्रॅक्टर चाचणी कायदा झाला. नवीन ट्रॅक्टर राज्यात विकायचा असेल, तर आधी लिंकनच्या विद्यापीठात त्याची चाचणी होणार. जाहिरातीत लिहिलेली ताकद खरी आहे का, हे तिथे कळणार. 1920 साली चाचण्या सुरू झाल्या आणि पहिला नंबर लागला 'वॉटरलू बॉय'चा.

या कायद्यातला एक भाग कमी सांगितला जातो, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपनीने सुट्या भागांचा साठा शेतकऱ्याच्या आवाक्यात ठेवला पाहिजे, अशीही अट त्यात होती. कारण क्रोझियरसारख्यांना अनुभवाने कळलं होतं, की यंत्र वाईट असणं हे अर्धं दुःख आणि ऐन हंगामात त्याचा भाग न मिळणं हे उरलेलं अर्धं. नवा की जुना, यापेक्षा 'भाग कुठून येणार' हा प्रश्न तेव्हाही मोठा होता.

खऱ्या हेन्री फोर्डचा ट्रॅक्टर 1917 साली आला. त्याचं नाव फोर्डसन. 1922 साली त्याची किंमत 395 डॉलरपर्यंत उतरवली गेली आणि घोड्यांच्या जोड्या सांभाळणाऱ्या लहान शेतकऱ्यालाही ट्रॅक्टर परवडू लागला. पण या स्वस्त यंत्राला एक भयंकर खोड होती. नांगराचा फाळ दगडात किंवा मुळात अडकला, की मागची चाकं जमिनीला घट्ट धरून राहत आणि इंजिनाची सगळी ताकद ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उचलण्यात जाई. बघता बघता ट्रॅक्टर मागच्या मागे उलटायचा, आणि चालक त्याच्याखाली.

हा दोष हॅरी फर्ग्युसन या आयरिश मेकॅनिकने मुळातून ओळखला. त्याचं म्हणणं असं, की ट्रॅक्टर आणि नांगर या बैलगाडीसारख्या मागेपुढे बांधलेल्या दोन वस्तू नसून ते एकच यंत्र असायला हवं. खाली दोन दांडे, वर मध्यभागी एक, असे तीन सांधे त्याने बसवले. फाळ अडला, की वरच्या दांड्यातून पुढे येणारा रेटा ट्रॅक्टरचं नाक खाली दाबून धरतो. नांगराची खोली हायड्रॉलिक आपोआप सांभाळतं. 1938 साली त्याने हे हेन्री फोर्डला प्रत्यक्ष चालवून दाखवलं आणि दोघांनी केवळ हात मिळवून करार केला. कागद नाही, सही नाही. पुढच्याच वर्षी फोर्ड 9एन बाजारात आला.

तोंडी कराराचं जे होतं तेच पुढे झालं. फोर्डच्या नातवाच्या हाती कंपनी आल्यावर भागीदारी मोडली. 1947 साली 8एन आला तो फर्ग्युसनला वगळून, पण त्याचीच योजना वापरून. फर्ग्युसनने पंचवीस कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा ठोकला. 1952 साली 92.5 लाख डॉलरवर तडजोड झाली आणि 8एनचं उत्पादनही त्याच वर्षी संपलं. तोवर पाच लाखांहून अधिक 8एन बनले होते. कोठारात उभा असलेला तो म्हातारा आज स्वस्तात मिळतो आणि त्याचे भाग अजूनही घरबसल्या मागवता येतात, याचं कारण हा आकडा आहे. जी वस्तू लाखांनी बनते तिच्याभोवती भागांचा बाजार उभा राहतो, आणि कंपनीने हात झटकले तरी तो बाजार टिकतो.

भांडणातून तुमचा आणखी एक फायदा झाला. फर्ग्युसनची तीन सांध्यांची जोडणी पुढे सगळ्याच कंपन्यांनी स्वीकारली. त्यामुळे 1950च्या सुमाराचा हलका नांगर आजच्या छोट्या ट्रॅक्टरला बसतो, आणि आजचं गवत कापायचं अवजार 8एनला बसतं.

मात्र बसतं याचा अर्थ नीट चालतं असा नाही. 8एनमध्ये क्लच दाबला की गाडी थांबते, आणि मागच्या अवजाराला फिरवणारा पीटीओही थांबतो, हायड्रॉलिकही थांबतं. आता कल्पना करा: मागे जड पात्याचं कटर गरगर फिरतंय, समोर कुंपण आलं, तुम्ही क्लच दाबला. इंजिन सुटलं, पण फिरणाऱ्या पात्याची ताकद उलट गिअरबॉक्समध्ये शिरून चाकांना ढकलत राहते. ट्रॅक्टर कुंपणात जातो. यावर उपाय आहे. पीटीओच्या दांड्यावर एकाच दिशेने फिरणारा कपलर बसवायचा; तो स्वस्तात मिळतो. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने हा भाग आधी बसवावा आणि मगच कटर जोडावं. शिवाय पहिला गिअरही इतका वेगाचा आहे, की रोटाव्हेटर नीट चालत नाही, आणि लोडरचं ओझं पेलायला पुढचा आस व स्टीअरिंग बनवलेलंच नाही. नांगर, कुळव, ट्रॉली, गवत ही त्याची कामं. माती उचलून टाकणं हे त्याचं काम नव्हे.

आणि आता जिवाची गोष्ट. फर्ग्युसनच्या जोडणीने नांगरतानाचं उलटणं आवरलं, पण ते जोडणी वापरली तरच. कोणी झाडाचा बुंधा उपटायला साखळी मागच्या आसाला किंवा वरच्या सांध्याला बांधली, की आपण पुन्हा फोर्डसनच्या काळात. पाऊण सेकंदात ट्रॅक्टर परत न फिरण्याच्या टप्प्यावर पोहोचतो. माणसाला कळून क्लच दाबेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. उतारावर बाजूला पलटी होणं वेगळंच. स्वीडनने 1959 सालीच नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. अमेरिकेत उत्पादकांनी 1985पासून तो आणि सीटबेल्ट सरसकट द्यायला सुरुवात केली. म्हणजे त्याआधीचा ट्रॅक्टर बघत असाल, तर चालकाच्या मागे ती लोखंडी कमान बहुधा नसेल. काही जुन्या मॉडेलना ती नंतर बसवता येते. बसवता येत नसेल आणि जमीन उताराची असेल, तर किंमत कितीही कमी असो, तो सौदा स्वस्त नाही.

छोट्या नव्या ट्रॅक्टरचा इतिहास वेगळ्या मातीत सुरू होतो, तो जपानच्या भातखाचरांत. तिथली शेतं इवलीशी, म्हणून यंत्रंही तशीच. 1969 साली कुबोटाने 21 अश्वशक्तीचा एल200 अमेरिकेत आणला. तोवर अमेरिकी कंपन्या मोठ्यातून अधिक मोठ्या ट्रॅक्टरकडे निघाल्या होत्या. शहराबाहेर थोडी जमीन घेऊन राहणारा माणूस, म्हणजे आजचे तुम्ही, कोणाच्या हिशेबातच नव्हता. जपान्यांनी तो गिऱ्हाईक हेरला. काही वर्षांतच फोर्डचे लहान ट्रॅक्टर शिबाउरा बनवू लागली आणि जॉन डिअरचे यानमार. रंग अमेरिकी, आतला जीव जपानी.

यातून एक विलक्षण खटला उभा राहिला. जपानी शेतकऱ्यांनी वापरून काढून टाकलेले कुबोटा काही व्यापारी स्वस्तात अमेरिकेत आणून विकू लागले. कुबोटाने तक्रार केली. व्यापाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: ट्रॅक्टर तुम्हीच बनवलेला, नावही तुमचंच, मग फसवणूक कसली? पण ट्रॅक्टरवरच्या सूचना आणि धोक्याचे इशारे जपानीत होते. ही मॉडेलं अमेरिकेसाठी बनवलेलीच नव्हती, त्यामुळे इथल्या अधिकृत विक्रेत्यांकडे त्यांचे भाग आणि दुरुस्तीची सोय नव्हती. 1997 साली आयातीवर बंदीचा आदेश निघाला आणि 1999 साली अपील न्यायालयाने तो उचलून धरला. एकाच कारखान्याचं, एकाच नावाचं यंत्र. तरी ते 'वेगळं' ठरलं, कारण त्याच्यामागे उभं राहणारं कोणी नव्हतं. क्रोझियरचीच गोष्ट, ऐंशी वर्षांनी.

नव्या ट्रॅक्टरच्याही अडचणी आहेत. प्रदूषणाच्या नियमांमुळे 2013च्या सुमारापासून 25 अश्वशक्तीच्या वरच्या नव्या डिझेल इंजिनांवर बहुधा काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो स्वतःला अधूनमधून तापवून साफ करतो, आणि त्यासाठी सेन्सर, संगणक, सगळा लवाजमा लागतो. म्हणूनच दुकानात इतके ट्रॅक्टर नेमके 24-25 अश्वशक्तीचे दिसतात; मर्यादेच्या जरा खाली राहिलं की फिल्टर टळतो. मोठ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तर दुरुस्तीचा हक्क कोणाचा, यावर अमेरिकेत मोठा वाद पेटला. कोलोरॅडोने 2023 साली शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र दुरुस्त करू देणारा कायदा केला. आपल्याकडे गावातला मिस्त्री पाना घेऊन झाडाखाली बसतो आणि ट्रॅक्टर उभा करतो. इथे ते करायला कायदा लागला.

आता आपल्या माणसांचा एक खास मोह. दुकानात लाल महिंद्रा दिसला की ऊर भरून येतो. तो इतिहासही ऐकून ठेवा. 1963 साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-275 हे मुळातलं ब्रिटिश मॉडेल बनवायला घेतलं. 1994 साली ही कंपनी टेक्सासात उतरली, आणि आज संख्येच्या हिशेबात ती जगात सर्वांत जास्त ट्रॅक्टर विकते. पण अमेरिकेत विकले गेलेले तिचे बरेचसे छोटे ट्रॅक्टर कोरियात आणि जपानमध्ये बनलेले आहेत. उलट हिरव्या जॉन डिअरचे पुण्याजवळच्या सणसवाडीत बनलेले ट्रॅक्टर अमेरिकेतही विकले गेले आहेत. तेव्हा अभिमानापोटी रंग पाहून घेऊ नका. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या डिझेल मॉडेलचे कितीतरी सुटे भाग भारतात बनून जगभर जातात, हा आपल्या देशाचा तुम्हाला होणारा खरा उपयोग.

मग घ्यायचा कुठला? पाच एकर सपाट जमीन, वर्षातून चार-सहा वेळा गवत कापायचं, हाताला काळं लागलं तरी चालतं आणि जवळ कोणी जुन्या इंजिनाचा जाणकार आहे, असं असेल तर जुना घ्या. शक्यतो 8एनऐवजी 1960 नंतरचा, पीटीओसाठी दोन टप्प्यांचा क्लच असलेला डिझेल बघा, आणि कमान बसवता येणारा. लोडरचं काम आहे, जमीन उताराची आहे, घरात दोघं-तिघं चालवणार आहेत, किंवा दुरुस्तीला वेळ नाही, तर नवा छोटा. पण विक्रेता तासाभराच्या अंतरावर हवा, आणि हप्ता ठरवण्याआधी त्याच्या भागांच्या खिडकीपाशी जाऊन फिल्टर नि पट्टे साठ्यात आहेत का, ते विचारा. जुना 1920 नंतरचा असेल, तर नेब्रास्काचा चाचणी अहवालही शोधा; 8एनचाही आहे. विकणारा काय म्हणतो याच्या शेजारी तो ठेवून वाचा.

आणि कुठलाही घेतलात, तरी साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. बाकी सगळे निर्णय नंतर बदलता येतात.