सुनावणीचं कूळ

मराठीत ‘सुनावणे’ म्हणजे समोरच्याच्या कानी घालणं, बहुतेक वेळा खडसावून. ‘चांगलं सुनावलं’ म्हटलं की कोण बोललं आणि कोणाला निमूट ऐकावं लागलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. कोर्टकचेरीत मात्र या शब्दाचं तोंड फिरलं. तिथे सुनावणी साहेब ‘घेतात’ आणि ज्याला बोलायचं आहे तो ‘हजर राहतो’.

सरकारनं कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न आधी जमिनीपुरताच होता. १८९४च्या भूसंपादन कायद्यात हरकत ऐकून घेण्याची तरतूद नव्हती. ती १९२३ साली कलम ५-अ घालून आली, तीही जमिनीत हितसंबंध असणाऱ्यांसाठी. प्रकल्पाची झळ मात्र शेजाऱ्यालाही लागते; कचऱ्याच्या डोंगराखालून झिरपणारं काळं पाणी काही सातबारा बघून विहिरीत उतरत नाही. मुंबईचा कचरा देवनारला १९२७पासून पडतो आहे. पुण्याचा उरुळी देवाचीला जाऊ लागला, तेव्हाही शेजाऱ्याला विचारण्याची सक्ती कुठल्या नियमात नव्हती. पुढची कित्येक वर्षं उरुळीनं पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली.

भोपाळच्या १९८४च्या वायुकांडानंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली, प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासायला लावणारी २७ जानेवारी १९९४ची अधिसूचना निघाली. १० एप्रिल १९९७च्या दुरुस्तीनं जनसुनावणी सक्तीची झाली, आणि २००६च्या अधिसूचनेच्या यादीत शहरांच्या सामाईक घनकचरा प्रकल्पाची स्वतंत्र नोंद आली.

जनसुनावणीचा दुसरा झरा राजस्थानातला. २ डिसेंबर १९९४ला पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं ‘जनसुनवाई’ भरवली. सरकारी कामांचे कागद लोकांसमोर मोठ्यानं वाचले गेले. तिथे सुनावणी घेणारं गावच होतं. मला या शब्दाचं खरं माहेर तेच वाटतं.

सरकारी जनसुनावणीत खुर्ची जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची. नोटीस ३० दिवस आधी, त्यातली एक स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे मांडव रिकामा असला तरी कामकाज सुरू होतं. परिणामांचा पूर्ण अहवाल बहुधा इंग्रजीत, गावाच्या हाती मराठीत येतो तो सारांश. भाषेचा हा प्रश्न किरकोळ नाही. २०२०मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत प्रसिद्ध करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

मात्र २००६च्या नियमात एक ओळ अशी आहे की ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. सुनावणी संपताना कामकाजाचा गोषवारा सगळ्यांसमोर, लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करायची. लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांना अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं, म्हणून तिथे काय लिहिलं जातं त्याला मोल आहे.

नेमकी तोवर लोकांची उठाउठ सुरू झालेली असते. शेवटची एसटी गाठायची असते, गुरं दारात असतात. माईकवरून आवाज येतो, ‘ग्रामस्थांनी पाण्याबाबत शंका उपस्थित केली.’ तेव्हा जागेवरून उठून सांगावं, साहेब, शंका नाही, हरकत म्हणून लिहा. आणि पुढे विहिरीचा गट नंबर घाला.