वरकस : दक्षिण कोकणातील तांबड्या मातीचा व तिच्या प्रतबंदीचा इतिहास

बीजशब्द : जांभा, वरकस, प्रतबंदी, राब, खोती, सडा

प्रस्तावना

कोकणची जमीन निकृष्ट, म्हणून कोकणी माणूस दरिद्री आणि म्हणूनच तो मुंबईला गेला, असा कार्यकारणभाव एकोणिसाव्या शतकातील सरकारी अहवालांपासून अलीकडच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत सातत्याने मांडला गेला आहे. या मांडणीत माती ही निसर्गदत्त आणि स्थिर गोष्ट मानली जाते. बदलतात ती माणसे, राज्ये व बाजारभाव. प्रत्यक्षात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या डोंगरउतारांवरील तांबड्या मातीला स्वतःचा इतिहास आहे. तिच्या अंगभूत मर्यादा खऱ्या आहेत. परंतु ‘हलकी’ हा तिच्यावरील शिक्का ज्या मोजमापाने बसला ते मोजमाप दुसऱ्याच मातीसाठी तयार झालेले होते, आणि त्यात तिच्या कामाचा मोठा भाग मोजलाच गेला नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाबींचा एकत्रित विचार केला आहे.

एक खडक, दोन माती

सह्याद्रीच्या पूर्वेस सोलापूरची काळी कसदार रेगूर आणि पश्चिमेस रत्नागिरीची तांबडी माती या दोहोंचा जनक खडक बव्हंशी एकच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेला दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजेच काळा पत्थर, दोन्हीकडे आढळतो. (सिंधुदुर्गच्या दक्षिण भागात याहून पुष्कळ प्राचीन खडक आहेत, परंतु त्यांच्यावरही जांभ्याचा थर आढळतो.) फरक पडला तो पाण्यामुळे. घाटमाथ्याच्या पूर्वेला पाऊस तुटपुंजा असल्याने खडकाच्या विदारणातून सुटे झालेले चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार मातीतच राहिले आणि फुगणारी, भेगाळणारी, ओलावा धरून ठेवणारी माँटमोरिलोनाइट जातीची चिकण माती तयार झाली. कोकणात वर्षाला सरासरी २५०० ते ३५०० मि.मी. पाऊस, तोही प्रामुख्याने चार महिन्यांत पडतो. उतारावरून व खडकाच्या फटींतून झिरपणाऱ्या या पाण्याने प्रथम चुना, पालाश, मॅग्नेशियम आणि पुढे सिलिकाही वाहून नेली. मागे उरली ती लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे आणि केओलिनाइट जातीची चिकण माती. तांबडा रंग हा या उरलेल्या लोहाचा रंग होय.

अशा मातीचे गुणधर्म सर्वपरिचित आहेत. ती आम्लधर्मी असते. तिचा निचरा उत्तम असतो, किंबहुना गरजेपेक्षा अधिक असतो. पाऊस थांबल्यानंतर अल्पावधीतच वरचा थर कोरडा पडतो. लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात, त्यामुळे मातीत असलेला स्फुरदही पिकाला सहजी मिळत नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म वेगळाच आहे. रेगुरीतील चिकण माती अन्नद्रव्ये स्वतः धरून ठेवते. केओलिनाइटची ही क्षमता अत्यल्प असते. त्यामुळे तांबड्या मातीचा कस हा मुख्यतः वरच्या काही इंच थरातील सेंद्रिय द्रव्यात, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात, मुळांत आणि प्रत्यक्ष उभ्या झाडोऱ्यात साठलेला असतो. झाडोरा गेला की मातीचे भांडवल गेले. खोल काळ्या जमिनीला वर्षानुवर्षांचे गैरवर्तन काही काळ तरी सोसते. या मातीला ते सोसत नाही.

नावाचा प्रश्न

टिपू सुलतानाच्या पाडावानंतर कंपनी सरकारच्या आज्ञेवरून फ्रान्सिस बुकॅनन याने १८००-०१ मध्ये मद्रासपासून म्हैसूर, कानडा व मलबार प्रांतांचा प्रवास केला. १८०७ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतात मलबारातील अंगडिपुरम येथील एका दगडाचे वर्णन आहे. जमिनीत असताना हा दगड इतका मऊ असतो की लोखंडी हत्याराने त्याचे चौकोनी ठोकळे कापता येतात, आणि उघड्यावर ठेवला की तो विटेसारखा कठीण होतो. ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून बुकॅननने त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. पुढे हा शब्द जगभर पसरला, आणि पसरताना सैलही झाला. लॅटेराइट म्हणजे नेमके काय, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी भूवैज्ञानिकांत मोठा वाद झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फर्मोर यांनी १९११ मध्ये लिहिलेल्या निबंधाचे शीर्षकच तो प्रश्न विचारणारे होते.

या सैलपणाचे परिणाम केवळ शाब्दिक नव्हते. बांधकामाच्या एका दगडाचे नाव उष्णकटिबंधातील तमाम तांबड्या मातीला लागले आणि त्या नावातील ‘वीट’ मातीला चिकटली. जंगल तोडताच अशी जमीन विटेसारखी टणक व निरुपयोगी होते, हे मत १९६० च्या दशकात बरेच लोकप्रिय होते. ते अतिशयोक्त असल्याचे पुढील मृदासर्वेक्षणांनी दाखविले. अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या मृदावर्गीकरणात तर ‘लॅटेराइट’ या संज्ञेला मृदाप्रकार म्हणून स्थानच उरले नाही.

कोकणच्या बोलीत असा घोटाळा कधी नव्हता. कापून काढावयाचा दगड तो जांभा, त्याचा घडविलेला ठोकळा तो चिरा. उघड्या पडलेल्या खडकाचा पृष्ठभाग तो कातळ, आणि डोंगरमाथ्यावरचे विस्तीर्ण सपाट कातळी पठार तो सडा. उतारावरची, नाचणी-वरी पिकणारी तांबडी जमीन ती वरकस. दगड, भूरूप आणि शेतजमीन यांना स्वतंत्र शब्द असल्याने एकाचा गुण दुसऱ्यावर लादला जात नसे. युरोपीय शास्त्राला हा विवेक पुन्हा मिळविण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला.

दख्खनचे माप

मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची तत्त्वे गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात निश्चित झाली. तिचे मूळ कार्यक्षेत्र दख्खनचे पठार होते, आणि प्रतबंदीचे कोष्टकही त्याच अनुभवातून उतरले होते. मातीचे तीन वर्ग कल्पिलेले होते : पहिला बारीक पोताच्या, काळ्या ते गडद तपकिरी मातीचा, दुसरा त्याहून जाड पोताच्या, फिकट आणि सर्वसाधारणपणे तांबड्या मातीचा, तिसरा खडकाळ वा भुसभुशीत मातीचा. मातीचा वर्ग आणि हातांत मोजलेली खोली यांवरून सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत एकूण नऊ प्रती ठरत. उतार, वाळू, खडे इत्यादी दोषांसाठी प्रत आणखी उतरविली जाई.

अवर्षणप्रवण पठारावर हे माप शास्त्रशुद्धच होते. तेथे पिकाचे भवितव्य मातीत किती ओल टिकते यावर, आणि ओल खोलीवर अवलंबून असते. परंतु या कोष्टकात तांबडी माती व्याख्येनेच दुय्यम ठरली होती. कोकणात मोजणी आली तेव्हा भात, बागायत व वरकस अशी स्वतंत्र विभागणी करून या पद्धतीत फेरबदल करण्यात आले. पाणी व बांधबंदिस्ती विचारात घेण्यात आली. तरीही वरकस जमिनीकडे पाहण्याची दृष्टी तीच राहिली : या जमिनीत धान्य किती पिकते?

धान्य कमीच पिकत होते. उतारावरील झाडी तोडून, जाळून सामान्यतः पहिल्या वर्षी नाचणी, नंतर वरी, मग हरीक, तीळ किंवा कारळा अशी पिके घेत, आणि मग ती जमीन कित्येक वर्षे पड टाकीत. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये या क्रमाची नोंद आहे. महसुली दृष्टीने पड म्हणजे उत्पन्न न देणारी वर्षे. मृदेच्या दृष्टीने मात्र त्याच वर्षांत झुडपे व गवत वाढून मातीचे भांडवल पुन्हा जमा होत असे. पड हा वरकस शेतीचा खंड नसून तिचा अर्धा भाग होता.

राबाचा हिशेब

वरकस जमिनीचे दुसरे काम याहूनही दुर्लक्षित राहिले. भाताची दाढ, म्हणजे रोपे तयार करण्याची जागा, पावसापूर्वी भाजण्याची पद्धत कोकणभर होती. शेण, ऐन-किंजळीच्या फांद्यांचा कवळ, पाचोळा, गवत आणि वरून मातीचा पातळ थर असे रचून ते सावकाश जाळीत. यालाच कोठे राब, कोठे भाजावळ म्हणतात. ताप मिळाल्याने तणाचे बी मरते आणि राखेतून पालाश व चुना मिळतो. आम्लधर्मी मातीत हे दोन्ही मोलाचे. हा कवळ आणि हे गवत येत असे ते वरकस उतारांवरून व लगतच्या माळरानांवरून. गुरे दिवसभर वरकसावर चरत आणि त्यांचे शेण भातखाचरात जाई. दरवर्षी उतारावरील मातीचा कस गोळा करून खालच्या मळ्यात नेऊन टाकण्याची ही व्यवस्था होती. भाताच्या उत्पन्नात वरकसाचा वाटा होता. तो भाताच्या नावावर जमा झाला आणि वरकसाच्या नावावर ‘हलकी’ एवढीच नोंद राहिली.

राबाला जंगलखात्याचा विरोध होता. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींमुळे १८८५ साली मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला आणि राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा त्यातील कळीचा मुद्दा होता. रानटी पद्धत म्हणून हिणविला गेलेला राब पुढे कृषिरसायनशास्त्रज्ञांनी गांभीर्याने अभ्यासला. फोल्कर यांच्या १८९३ च्या अहवालात त्याची दखल आहे, आणि पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ मध्ये त्याच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. या अभ्यासांचे लक्ष मात्र दाढीवरच्या रोपांकडे होते. ज्या उतारावरून कवळ आला त्या उताराच्या मातीचे काय झाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

रत्नागिरीत परिस्थिती आणखी वेगळी होती. इंग्रजी अंमलाच्या आरंभी, १८२० च्या दशकात, येथील झाडांवरील सरकारी हक्क सोडून देण्यात आला. पुढील काळात जहाजबांधणी, इमारती आणि मुंबईचे सरपण यांसाठी मोठी तोड झाली. १८७२ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या दहा लाखांवर होती. झाडोरा घटला, माणसे वाढली, आणि पडीची वर्षे आखडत गेली. ज्या मातीचे भांडवलच झाडोऱ्यात होते तिच्यावर याचा काय परिणाम झाला असेल हे वेगळे सांगावयास नको. गॅझेटियरकारांनी जी माती पाहिली ती या तोडीनंतरची होती.

खोताची तिर्धेल

याच मातीवर खोतीचा बोजा होता. भातजमिनीवर अर्धेल आणि वरकसावर तिर्धेल हा खोताच्या वाट्याचा सर्वसाधारण दर. वरकसाचा दर कमी म्हणून तो सौम्य वाटतो. पण तीनचार वर्षे पिकून पुढे कित्येक वर्षे विश्रांती घेणाऱ्या जमिनीच्या एकूण उत्पन्नातून एक तृतीयांश जाणे म्हणजे पुढील पडीच्या काळासाठी काही न उरणे होय. कुळाला पडीचा कालावधी कमी करण्यावाचून गत्यंतर नसे. दगडी बांध घालून उतार पायऱ्यापायऱ्यांचा करणे हा मृदासंधारणाचा खात्रीचा मार्ग होता. परंतु कुळवहिवाटच वादग्रस्त असताना पिढ्यांच्या मेहनतीचा बांध कोण घालणार? १८८० च्या खोती कायद्याने काही वहिवाटदार कुळांना संरक्षण दिले, तंटे मात्र संपले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ साली. तोपर्यंत कोकणातील कर्ते पुरुष गिरण्यांत व गोदीत पोहोचले होते. घरी आलेल्या मनीऑर्डरीचे कारण एकट्या मातीत शोधणे म्हणूनच अपुरे ठरते.

कलमे, चिरे आणि सडा

स्वातंत्र्योत्तर काळात या जमिनीचे मूल्य बदलले. १९७२ मध्ये दापोली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीने वरकस उतार आंबा-काजूखाली आणले. निचरा उत्तम, मुळे खोल जाण्यास फटी भरपूर. जे गुण नाचणीला जाचक होते तेच कलमांना मानवले. रत्नागिरी-देवगड परिसरात तर कातळात सुरुंगाने खड्डे घेऊन, बाहेरून माती आणून कलमे लावली गेली. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दोन आणे प्रतीची जमीन निकृष्ट ठरली होती ती भाताच्या आणि ज्वारीच्या हिशेबाने, हे या घडामोडीतून दिसते. मात्र याच काळात नाचणी-वरीची फेरपालट जवळजवळ मोडली आणि मिश्र झाडोऱ्याच्या जागी एकसुरी बागा आल्या, हेही नोंदविले पाहिजे.

सड्यांच्या वाट्याला हे भाग्यही आले नाही. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी मुरवितो, खालच्या चिकण थरावर ते अडते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. अनेक वाड्यांच्या विहिरी या पाण्यावर आहेत. पावसाळ्यात सड्यावर उगवणारे गवत गुरांना व पूर्वी छपरांना पुरत असे. यांपैकी कशाचीच नोंद प्रतबंदीत नव्हती. पिकत नाही म्हणून जमीन ‘पोटखराबा’, आणि पोटखराबा म्हणून ती चिरेखाणीला, कारखान्याला, प्रकल्पाला मोकळी, असा तर्क सोपा झाला. यांत्रिक करवतींमुळे चिरा काढण्याचा वेग वाढल्यावर खाणींचे चौकोनी खड्डे गावोगाव दिसू लागले. दरम्यान याच कातळावर प्रागैतिहासिक काळातील मानवाने कोरलेली शेकडो चित्रे उजेडात आली. कशेळी, उक्षी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी इत्यादी ठिकाणच्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. त्यांना आश्रय देणाऱ्या सड्यांची महसुली ओळख मात्र बहुतेक ठिकाणी अद्याप पडीक कातळ हीच आहे.