लडाखचा उन्हाळी प्रवास : नियोजनाची सुरुवात उंचीपासून

मैदानी प्रदेश उन्हाने होरपळू लागला की देशभरातील पर्यटक हिमालयाकडे वळतात. त्यांतील मोठा वर्ग आता शिमला, मनाली किंवा नैनितालवर न थांबता थेट लडाखकडे निघतो. मात्र इतर थंड हवेच्या ठिकाणांसाठी जे नियोजन पुरते, ते येथे अपुरे ठरते. शिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर, तर लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे; म्हणजे लेहमधील साध्या निवासाची खोलीही त्याच्या दुपटीहून अधिक उंचावर असते. त्यामुळे लडाखच्या सहलीचा आराखडा आखताना ‘काय काय पाहायचे’ याआधी ‘कोणती रात्र किती उंचीवर काढायची’ हा प्रश्न सोडवावा लागतो.

विरळ हवा आणि शरीर

उंचीवरील हवेतही प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेह येथे हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, तर खारदुंग ला या खिंडीत निम्म्याहून थोडाच अधिक असतो. परिणामी प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू घटतो. शरीर त्यावर प्रथम श्वासाची गती वाढवून उत्तर देते. त्यामुळे रक्तातील आम्ल व अल्क यांचा तोल बिघडतो आणि तो सावरण्याचे काम मूत्रपिंडे पुढील काही दिवसांत करतात. हे काम घाईने उरकता येत नाही.

तरुण, नियमित व्यायाम करणारी किंवा सह्याद्रीत गिर्यारोहण करणारी व्यक्ती उंचीच्या त्रासापासून सुरक्षित असते, हा सर्वांत घातक गैरसमज होय. शारीरिक तंदुरुस्ती आणि विरळ हवेशी जुळवून घेण्याची क्षमता या भिन्न गोष्टी आहेत. किंबहुना धडधाकट प्रवासी पहिल्याच दिवशी अधिक धावपळ करतात आणि त्रास ओढवून घेतात. पूर्वी कधी त्रास झाला नाही, एवढ्यावरून या वेळी होणार नाही, असेही मानता येत नाही.

उंचीवरील वैद्यकशास्त्रातील सर्वमान्य संकेत असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. येथे ‘मुक्कामाची उंची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली उतरणे शरीराला तुलनेने सोसते. उंचावर झोपणे मात्र अधिक जड जाते.

ऋतू आणि सुटी

लडाखचा मुख्य पर्यटन हंगाम जून ते सप्टेंबर असा मानला जातो. महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुटी मात्र जूनच्या मध्यास संपते. त्यामुळे मुलांसह जाणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना मे महिन्याची निवड करावी लागते. मे महिन्यात लेह परिसर आणि नुब्राचे खोरे पाहता येते. परंतु उंच खिंडींत बर्फ असतो, सरोवरांच्या काठी रात्री गोठवणाऱ्या असतात आणि मनालीकडील रस्ता खुला झालेला असेलच असे नाही. या काळात जाणाऱ्यांनी विमानमार्ग किंवा श्रीनगरकडील रस्ता गृहीत धरावा.

जून आणि जुलैच्या सुरुवातीस बहुतेक मार्ग खुले असतात. गुरू पद्मसंभव यांच्या जन्मानिमित्त भरणारा हेमिस गोंपातील मुखवटा नृत्यांचा उत्सव तिबेटी पंचांगानुसार जून किंवा जुलैत येतो. सह्याद्रीच्या पूर्वेस जशी पर्जन्यछाया पडते, तशीच हिमालयाच्या मुख्य रांगेमागे लडाखवर पडते. लेहचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास आहे. असे असले तरी पावसाळ्यात लडाख निर्धोक असतो असे नव्हे. मनाली आणि श्रीनगर या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात झालेल्या ढगफुटीत २०० हून अधिक जणांचा बळी गेला होता. कोरड्या, भुसभुशीत डोंगरउतारांवर थोडा पाऊसही मोठा चिखललोट आणू शकतो. सप्टेंबरमध्ये आकाश निरभ्र आणि गर्दी कमी असते. सुटीचे बंधन नसलेल्यांसाठी हा काळ उत्तम होय.

विमान की रस्ता

दिल्लीहून विमान साधारण सव्वा तासात लेहच्या कुशोक बकुला रिंपोछे विमानतळावर उतरते. वेळ वाचतो, मात्र शरीर दोनशे-सव्वादोनशे मीटर उंचीवरून तीन हजारांच्या वर एकदम पोहोचते. विमानाने येणाऱ्यांनी पहिले ४८ तास विश्रांतीसाठी राखून ठेवावेत. हे दिवस वाया गेले असे समजू नये; पुढचा सगळा प्रवास त्यांवरच उभा असतो.

रस्त्याने जाण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. श्रीनगर–लेह महामार्ग सुमारे ४३० किलोमीटरचा आहे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर असून ३,५२८ मीटर उंचीची झोजिला खिंड ओलांडल्यावर प्रवासी द्रासमार्गे कारगिलला पोहोचतो. कारगिलची उंची सुमारे २,७०० मीटर आहे. दुसऱ्या दिवशी ४,१०८ मीटरवरील फोटू ला पार करून लेह गाठता येते. या मार्गावर मुक्कामाची उंची टप्प्याटप्प्याने वाढते, म्हणून वर जाण्यासाठी हाच मार्ग अधिक सोयीचा ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये खुल्या झालेल्या सोनमर्ग बोगद्यामुळे सोनमर्गपर्यंतचा प्रवास सुलभ झाला आहे. झोजिला खिंडीखालील बोगद्याचे काम मात्र अद्याप चालू आहे.

मनाली–लेह मार्गाचे अंतरही जवळपास तेवढेच. ऑक्टोबर २०२० मध्ये उद्घाटन झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंडीचा चढ टळतो. परंतु पुढे बारालाचा ला, नकी ला, लाचुलुंग ला आणि तंगलंग ला या खिंडी आहेत. त्यांपैकी तंगलंग ला ५,३०० मीटरहून उंच आहे. खरी अडचण मुक्कामाची आहे. मनाली सुमारे २,००० मीटरवर, तर वाटेतील प्रचलित मुक्काम असलेले सरचू सुमारे ४,३०० मीटरवर आहे. एका दिवसात ही मजल मारून तेथे तंबूत रात्र काढणाऱ्या अनेकांना तीव्र डोकेदुखी आणि उलट्यांचा त्रास होतो. या मार्गाने वर जायचेच असल्यास केलाँग किंवा जिस्पा येथे दोन रात्री थांबणे हिताचे. श्रीनगरहून चढावे आणि शरीर रुळल्यावर मनालीकडे उतरावे, हा क्रम अधिक सुरक्षित आहे.

आठ रात्रींचा आराखडा

विमानाने जाणाऱ्यांसाठी आठ रात्रींचे नियोजन पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिल्या तीन रात्री लेह येथे. पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी बाजारात सावकाश फेरफटका आणि सायंकाळी गाडीने शांतिस्तूप. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल या राजाच्या काळात उभा राहिलेला नऊमजली लेह राजवाडा चढणीवर असल्याने तो तिसऱ्या दिवसापर्यंत लांबवला तरी चालेल. तिसऱ्या दिवशी सिंधू नदीच्या खोऱ्यातील शे, ठिकसे आणि हेमिस, अथवा पश्चिमेस निम्मू येथील सिंधू–झंस्कार संगम आणि प्राचीन भित्तिचित्रांसाठी ख्यात असलेला आल्ची गोंपा पाहावा.

चौथी आणि पाचवी रात्र नुब्रा खोऱ्यात. वाटेतील खारदुंग ला या खिंडीच्या फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट उंची लिहिलेली होती. प्रत्यक्ष मोजणीनुसार ती सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,६०० फुटांच्या आत भरते. तेथे पंधरा-वीस मिनिटांहून अधिक रेंगाळू नये. दिस्कित आणि हुंदर ही गावे लेहपेक्षा काहीशी सखल असल्याने तेथील रात्री सुखाच्या जातात. दोन मदारींच्या उंटांसाठी प्रसिद्ध वाळूचे ढिगारे आणि १९७१ च्या युद्धात भारताच्या ताब्यात आलेले तुर्तुक गाव याच खोऱ्यात आहे.

सहावी रात्र पँगाँग सरोवराकाठी. सुमारे १३४ किलोमीटर लांबीचे हे खारे सरोवर ४,२०० मीटरहून उंचावर असून त्याचा मोठा भाग प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपलीकडे आहे. नुब्राहून येथे येताना मुक्कामाची उंची एकदम हजार मीटरने वाढते, आणि येथून मोठे रुग्णालय दूर आहे. म्हणून नुब्रात डोके दुखत असेल तर सरोवराकाठचा मुक्काम रद्द करावा. लहान मुले किंवा ज्येष्ठ सोबत असल्यास लेहहून एका दिवसात जाऊन-येऊन रात्री लेहलाच झोपणे श्रेयस्कर. प्रवास दमवणारा असला तरी रात्र सखल ठिकाणी जाते.

सातवी आणि आठवी रात्र पुन्हा लेह येथे. यांतील शेवटचा दिवस राखीव समजावा. विरळ हवा आणि दुपारच्या वाऱ्यांमुळे लेहची विमाने मुख्यतः सकाळी उडतात; हवामान बिघडल्यास ती रद्द होतात. दरडीमुळे खिंडही एक-दोन दिवस बंद राहू शकते. परतीच्या दुसऱ्याच दिवशी कार्यालय किंवा परीक्षा असेल, तर वेळापत्रकात राखीव दिवस नसणे महागात पडते. ज्यांच्याकडे पाच दिवसांचीच रजा आहे, त्यांनी लेह आणि सिंधू खोऱ्यापुरतीच सहल मर्यादित ठेवावी.

धोक्याची लक्षणे

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा आणि निद्रानाश ही उंचीच्या आजाराची प्रारंभिक लक्षणे होत. ती दिसताच आणखी वर जाऊ नये. विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या श्वसन मंदावतात, म्हणून त्या टाळाव्यात.

बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी ही फुप्फुसांत पाणी साचल्याची, तर चालताना तोल जाणे, बोलणे असंबद्ध होणे, गुंगी येणे ही मेंदूला सूज आल्याची लक्षणे आहेत. या दोन्ही अवस्था काही तासांत प्राणघातक ठरू शकतात. रुग्णाला विनाविलंब खाली आणणे आणि प्राणवायू देणे हाच प्रमुख उपचार असून त्यासाठी सकाळ होण्याची वाट पाहू नये. लेह येथील सोनम नोरबू स्मृती रुग्णालय हे या भागातील प्रमुख शासकीय रुग्णालय आहे. प्राणवायूचा छोटा डबा जवळ आहे म्हणून वर जात राहणे धोक्याचे. त्यातून मिळणारा दिलासा क्षणिक असतो.

असेटाझोलामाइड हे औषध शरीराला जुळवून घेण्यास साहाय्य करते; परंतु ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हृदयविकार, फुप्फुसांचे विकार, अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तिकिटे काढण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

व्यवहारातील तयारी

नुब्रा, पँगाँग, त्सो मोरीरी, हानले हे सीमावर्ती भाग आहेत. तेथे जाण्यासंबंधीचे नियम आणि शुल्क वेळोवेळी बदलतात. प्रस्थानापूर्वी जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत आणि ओळखपत्राच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात. अन्य राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही. कुटुंबातील किमान एकाकडे पोस्टपेड जोडणी हवी. लेहबाहेर संपर्क तुटक असल्याने मोबाइलवरून पैसे देणे नेहमी जमत नाही, म्हणून पुरेशी रोकड लेहमध्येच काढावी. मनाली मार्गाने स्वतःच्या वाहनातून जाणाऱ्यांनी टांडी येथे इंधनाची टाकी पूर्ण भरावी. मनाली किंवा अन्य ठिकाणी भाड्याने घेतलेल्या वाहनांना लेहमधील स्थानिक भ्रमंतीस टॅक्सी व दुचाकी संघटनांचा विरोध असतो. तेथील फेऱ्यांसाठी स्थानिक वाहनाचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. जूनमध्येही रात्रींसाठी लोकरी कपडे आणि प्रखर उन्हापासून संरक्षणासाठी काळा चष्मा, टोपी व मलम आवश्यक आहे.

पाण्याचा हिशेब

लडाखची शेती आणि गावे हिमनद्यांच्या वितळणाऱ्या पाण्यावर जगतात. हिवाळ्यातील वाहून जाणारे पाणी गोठवून पेरणीच्या दिवसांत वापरण्यासाठी येथे कृत्रिम हिमनद्या उभारण्यात आल्या. या कार्याबद्दल अभियंते चेवांग नोरफेल यांना २०१५ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. पारंपरिक घरांतील कोरडी शौचालये पाणी वाचवतात आणि शेताला खतही देतात. पर्यटन हंगामात निवासस्थानांची गरज वाढली की भूजलाचा उपसा वाढतो. त्यामुळे बादलीने स्नान करणे, पाण्याची बाटली पुन्हा भरून वापरणे, प्लॅस्टिकचा कचरा सोबत परत आणणे आणि शक्य तेथे गावातील होमस्टेत राहणे, यांचाही नियोजनात समावेश असावा. सरोवरांच्या पाणथळ काठावर वाहने नेऊ नयेत. दुर्मीळ काळ्या मानेच्या क्रौंच पक्ष्यांची वीण याच प्रदेशात होते.