बाजरीच्या बादलीतला जपान

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याच्या परिसरात बाजरी जुनी, आणि तिच्या बियाण्यासाठी कृषी खात्याची एक शिफारसही जुनीच: दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवा, बी सोडून ढवळा, तरंगेल ते काढून नष्ट करा, तळाचं बी साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. वर येतात ते पोचट दाणे आणि अरगट या बुरशीजन्य रोगाच्या काळपट गाठी. आर्किमिडीजची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडू. प्रश्न असा, की मीठ दोन किलोच का? हिशोब केला तर या पाण्याची घनता 1.12 च्या आसपास भरते. जपानात फुकुओका इथे योकोई तोकियोशी यांनी 1882 मध्ये भाताचं बी मिठाच्या पाण्यात निवडायची पद्धत बसवली, आणि तिथे साध्या भाताला रूढ झालेला आकडा आहे 1.13. मोजायला उपकरण नसेल तर ताजं अंडं सोडून ते कसं तरंगतं ते पाहायचं! ही बीनिवड ज्यात होती ती ‘जपानी भातशेती’ बोरिवलीच्या कोरा केंद्रातून आपल्याकडे आली आणि 1953 मध्ये देशभर मोहीम झाली. बाजरीची बादली त्याच वाटेने मराठवाड्यात उतरली, असं माझं अनुमान आहे.

प्रतिपक्ष दुबळा नाही. युरोपात राय धान्यातला अरगट मिठाच्या पाण्यावर तरंगवून काढत. मुंबई राज्यात 1956-57 मध्ये अरगटाच्या बाजरीने विषबाधा झाल्यावर रोगशास्त्रज्ञांनी तोच उपाय उचलला असेल. शिवाय वारसा जपानचा, तर खुद्द भाताला आपल्याकडे तीन टक्क्यांचं, जेमतेम 1.02 घनतेचं पाणी का? दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर जपानातच आहे: कुसळाच्या भाताला तिथेही 1.10, चिकट भाताला 1.08. भाताच्या तुसात हवा अडकते आणि दाण्याची घनताही जातीगणिक बदलते, म्हणून मीठ कमी. बाजरीचा दाणा उघडा आणि भरीव, त्यामुळे तिथे खारटपणा टिकला. पहिल्या आक्षेपापुरतं, नुसत्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही हे मी मान्य करतो. गाठ वर आणि दाणा खाली राहील इतपत मीठ कुणीही शोधलं असतं. पण युरोपला धान्य निर्विष करायचं होतं. आपल्या कृषी खात्याच्या घडीपत्रिकेत गाठीबरोबर निरोगी पण हलका दाणाही फेकायला सांगतात. खाण्याच्या बाजरीत अशी उधळपट्टी कोण करील? जड बी तेवढं पेरायचं, हा योकोईंचाच आग्रह. पिशवीतलं प्रमाणित बियाणं आल्यावर ही बादली घरच्या बियाण्यापुरतीच उरली आहे.