वाहनांचे घर्षण व थांबण्याचे अंतर

धोका दृष्टीस पडल्यापासून वाहन पूर्णपणे स्थिर होईपर्यंत त्याने कापलेल्या अंतरास थांबण्याचे अंतर म्हणतात. त्याचे दोन भाग पडतात. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या काळात वाहन पूर्वीच्याच वेगाने धावत असते. हा पहिला भाग. ब्रेक लागल्यानंतर टायर व रस्ता यांमधील घर्षणाने गतिज ऊर्जा संपेपर्यंत कापलेले अंतर हा दुसरा. पहिला भाग वेगाच्या सम प्रमाणात वाढतो, दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट झाला की दुसरा भाग चौपट होतो, ही साधी गोष्ट चालकाच्या अंगवळणी सहसा पडत नाही.

घर्षणाचे नियम मोटारीपेक्षा पुष्कळ जुने आहेत. लेओनार्दो दा व्हिंची यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या टिपणवह्यांत घर्षण हे भाराच्या प्रमाणात असते व स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, असे नोंदविले होते. परंतु त्या वह्या अप्रकाशित राहिल्या. फ्रान्समध्ये गीयोम आमाँताँ यांनी १६९९ मध्ये तेच नियम स्वतंत्रपणे मांडले. स्थितिक व गतिक घर्षणांतील भेद ऑयलर यांनी स्पष्ट केला व कुलंब यांनी १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात विस्तृत प्रयोगांनी हा विषय पक्क्या पायावर आणला. या नियमांनुसार ब्रेक लागल्यावरचे अंतर काढताना वस्तुमान दोन्ही बाजूंनी वगळले जाते. म्हणजे चाकांची पकड पूर्णपणे वापरता आली, तर भरलेला ट्रक व रिकामा ट्रक सारख्याच अंतरात थांबावयास हवेत. प्रत्यक्षात तसे घडत नाही, कारण ब्रेकच्या ताकदीला व उष्णता सहन करण्याच्या शक्तीला मर्यादा असतात.

धावत्या वाहनाविषयीचे पहिले महत्त्वाचे प्रयोग रेल्वेवर झाले. डग्लस गॉल्टन व जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७८ मध्ये इंग्लंडमधील ब्राइटनच्या मार्गावर मोजमापे घेतली. वेग जास्त असताना ब्रेकचा ठोकळा व चाक यांमधील घर्षण कमी असते, आणि चाक जखडून रुळावर घसरू लागले की गाडीला रोखणारे बल वाढण्याऐवजी एकदम घटते, असे त्यांत आढळले. ब्रेक जितका जोरात दाबावा तितकी गाडी लवकर थांबते, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. महाराष्ट्राला हा प्रश्न त्याआधीच भेडसावला होता. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा तीव्रतम चढ ३७ स १ होता. १८६९ मध्ये उतरणारी टपालगाडी ब्रेक न लागल्याने घाटातील रिव्हर्सिंग स्थानकाच्या टोकावरून पुढे गेली. वेस्टिंगहाउस यांना हवादाबाच्या ब्रेकचे पहिले एकस्व मिळाले ते याच वर्षी, हा निव्वळ योगायोग.

भारतातील रस्त्यांच्या बाबतीत मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीचे कार्य पायाभूत ठरले. तिच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. १९४३ च्या नागपूर परिषदेने रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामीण रस्त्यापर्यंत वर्गीकरण केले. चालकाला पुढचा रस्ता किती अंतरापर्यंत दिसला पाहिजे, याचे मानक या संस्थेने १९७६ मध्ये ठरविले. त्यात प्रतिक्रियेस २.५ सेकंद धरले असून घर्षण गुणांक कमी वेगास ०.४० व ताशी १०० किमी. वेगास ०.३५ मानला आहे. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर गुणांक याच्या सु. दुप्पट मिळतो, मानक ठरविताना ओला रस्ता व झिजलेले टायर गृहीत धरले आहेत. त्यावरून ताशी ५० किमी. वेगास ६० मी., ६० किमी. वेगास ८० मी. व १०० किमी. वेगास १८० मी. अंतर येते.

हे आकडे सपाट रस्त्याचे होत. उतारावर काय होते ते पाहण्यास बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा हे ठिकाण सोयीचे आहे. धुळे–सोलापूर महामार्ग बीडच्या दक्षिणेस बालाघाटाच्या डोंगरात चढतो व घाट संपल्यावर मांजरसुंब्याच्या चौकात येतो. तेथून केज–अंबाजोगाईकडे व पाटोद्याकडे रस्ते फुटतात. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्र. २११ असलेला हा रस्ता आता क्र. ५२ म्हणून ओळखला जातो. निजामाच्या राज्यात १९३२ मध्ये सरकारी मोटार वाहतूक सुरू झाली, तोपर्यंत अशा चढउतारांवर बैलगाडीचेच राज्य होते. उतारावर लाकडी ठोकळा चाकाच्या धावेवर दाबावयाचा व थांबल्यावर चाकाला उटी लावावयाची, हे गाडीवानाचे तंत्र कुलंब यांचे नाव न ऐकताही अचूक होते.

उदाहरणादाखल २० स १ उतार घेऊ. उताराचे प्रमाण घर्षण गुणांकातून वजा होते. ताशी ६० किमी. वेगास गुणांक ०.३६ धरल्यास ब्रेकनंतरचे अंतर सपाटीवर ३९ मी. असते, ते उतारावर ४६ मी. होते. आता पहिला पाऊस पडला, धुळीत तेल मिसळले आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या रानातला चिखल रस्त्यावर आणला, असे समजू. गुणांक ०.२० पर्यंत उतरला, तर हेच अंतर ९४ मी. होते. त्यात प्रतिक्रियेच्या काळातील ४२ मी. मिळवावयाचे असतात. गुळगुळीत टायर खालचे पाणी बाहेर फेकू शकत नाही, म्हणून पावसात त्याची पकड आणखी कमी होते.

घाटातील खरा शत्रू मात्र उष्णता होय. २० टनांचा ट्रक १०० मी. उंची उतरतो तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा सु. ५८ लिटर पाणी २०° से. पासून उकळीपर्यंत तापविण्यास पुरेशी असते. ती सर्व ब्रेकमध्ये गेली की अस्तराचा घर्षण गुणांक घटतो. द्रवदाबाच्या ब्रेकमध्ये द्रव उकळून वाफ झाली तर पेडल पोकळ लागते. लोक यालाच ‘ब्रेक फेल झाला’ म्हणतात, परंतु पुष्कळदा बिघाड नसतो. ब्रेककडून त्याच्या शक्तीबाहेरचे काम घेतलेले असते. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिन भार रोखून धरते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून घाट उतरविणे म्हणजे हा आधार स्वतःच काढून टाकणे होय.

जखडलेल्या चाकाविषयीचा गॉल्टन यांचा निष्कर्ष मोटारींत उतरण्यास शंभर वर्षे लागली. चाक जखडू न देणारी यंत्रणा विमानांत १९५० नंतरच्या दशकात आली. १९७८ मध्ये मर्सिडीज मोटारींत तिचे इलेक्ट्रॉनिक रूप उपलब्ध झाले. भारतात १२५ घ. सेंमी. पेक्षा मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची आहे. उसाच्या हंगामात याच रस्त्यांवरून जाणाऱ्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. मागे जोडलेल्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल, तर साऱ्या उसाचे वजन ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांच्या पकडीवर रोखावे लागते, आणि उतारावर मागून ढकलणारा ट्रेलर ट्रॅक्टरला आडवा करतो.