शेजघराचा इतिहास

राजांच्या स्वाऱ्या, लढाया आणि तह यांचा इतिहास शाळेंत शिकविला जातो. पण माणूस आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा जेथें घालवितो, त्या निजण्याच्या जागेचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. वास्तविक तोहि बोधप्रद आहे.

निद्रेचें महत्त्व प्राचीनांनीं पुरतें ओळखलें होतें. चरकसंहितेंत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ मानले आहेत. आणि झोंप आणणाऱ्या उपायांत अभ्यंग, स्नान व दूध यांच्या जोडीला नीट अंथरलेली शय्या, सुखकर घर आणि योग्य वेळ यांचीहि गणना केली आहे.

पुण्यांतील जुन्या वाड्यांकडे पाहिलें म्हणजे या उपदेशाचा अर्धाच भाग पाळला गेल्याचें दिसतें. जाड भिंतींमुळें उन्हाळ्यांतहि आंत गारवा राही, चौकामुळें वरून उजेड येई. पण चोराचिलटांच्या भयानें रस्त्याकडच्या खिडक्या लहान ठेवीत, आणि माजघर व त्यालगतच्या खोल्या भर दुपारींहि अंधाऱ्या असत. बाळंतिणीची खोली तर वारा लागेल म्हणून मुद्दाम बंद केली जाई.

या बंद खिडकीला पहिला मोठा धक्का प्लेगनें दिला. १८९६ सालीं मुंबईंत मांडवीच्या वस्तींत हा रोग डॉ. आकासियो व्हिएगस यांनीं ओळखला. अंधार, ओल आणि कोंदट हवा यांतच रोगाचें मूळ आहे, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून भिंतींना चुना फांसला गेला, कौलें काढून आंत ऊन घेतलें गेलें, आणि वस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांवर तशीं अक्षरें रंगविलीं गेलीं. तपासणीच्या निमित्तानें परकीं माणसें थेट निजघरांत शिरूं लागलीं, याची लोकांना चीड आली, आणि ती रास्तच होती. पुण्यांत त्या असंतोषाची परिणति १८९७ च्या जून महिन्यांत प्लेग-अधिकारी रँड यांच्या खुनांत झाली.

आश्चर्य हें कीं, अधिकाऱ्यांचें निदानच चुकलें होतें. प्लेग उंदराच्या पिसवेमार्फत पसरतो, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत प्रयोगानें दाखविलें. तरीहि उघडलेली खिडकी वायां गेली नाहीं. क्षयरोग दाटीच्या, कोंदट खोलींत फैलावतो. त्याला खेळती हवा हा मोठा अटकाव आहे. एका रोगासाठीं योजलेला उपाय दुसऱ्याच रोगाच्या कामीं आला.

त्याच १८९८ सालीं मुंबईंत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. राहत्या खोलीच्या खिडकीपुढें ६३½ अंशांच्या कोनांत आकाश मोकळें असावें, असा दंडक त्यानें पुढें घालून दिला. म्हणजे समोरच्या भिंतीची उंची जितकी, तिच्या सुमारें निम्मी जागा मोकळी सोडावयाची. भूमितीचा हा सिद्धान्त गरिबाच्या झोंपेसाठीं राबला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मात्र रुंद रस्त्यांसाठीं ज्यांचीं घरें पाडलीं, त्यांच्यापैकीं पुष्कळजण शेजारच्या वस्तींतच दाटीनें राहूं लागले. १९२० सालीं निघालेल्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या; त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यांत चूल, पाळणा आणि अंथरूण! घरांतील पुरुष मग गॅलरींत पथारी पसरीत.

हवेचा प्रश्न असा अर्धामुर्धा सुटतो न सुटतो, तोंच उजेडाचा उभा राहिला. १८६५ सालीं मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, आणि विसाव्या शतकांत वीज घरांत आली. रात्रीच्या प्रखर उजेडानें झोंपेची सूचना देणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याचा स्राव मंदावतो. हें द्रव्य १९५८ सालीं वेगळें काढण्यांत आलें. अंधार पडला कीं निजावें, या आजीच्या शिस्तीला असा शास्त्राचा आधार मिळाला. गोंगाटाविरुद्ध तर सरकारलाच २००० सालीं नियम करून रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत ध्वनिवर्धकांना आळा घालावा लागला.

सारांश, निजण्याच्या खोलींत खेळती हवा, गारवा, काळोख आणि शांतता एवढें असलें म्हणजे पुरे. भारी पलंगाची जरुरी नाहीं. पण या चार गोष्टी शेजाऱ्याच्या सहकार्यावांचून लाभत नाहींत. आपला दिवा त्याच्या डोळ्यांवर येऊं नये, आपला आवाज त्याच्या कानीं पडूं नये, आपली भिंत त्याचें आकाश अडवूं नये. एवढें ज्यानें पाळलें, त्यानेंच सुखानें निजावें.